सुनंदाच्या कादंबरीतली पाठराखीण

२ फेब्रु.
सुनंदाच्या प्रेमकादंबरीचं शेवटचं हस्तलिखित मंठ्याहून आलं. एका बैठकीत वाचलं. पाठराखिणीचं प्रकरणच गायब! नवरीसोबत मैत्रीण सासरी जाते, पाच दिवस राहते, ती चौदा पानं. पुस्तकाचा जीव होता तो. आता नायिका मांडवातून थेट नवऱ्याच्या मिठीत.
फोन केला. "प्रकाशकानं काढायला लावलं ना?"
"हां. तसंच समज."

५ फेब्रु.
डोकं तापलेलं. प्रेमकथेत मैत्रीण कशाला? चिठ्ठ्या पोचवायला, नायिकेला चिडवायला, लग्न लागलं की नाहीशी व्हायला. दोघांनी एकमेकांना जन्मभर पुरायचं, हा खोटेपणा कोण किती दिवस छापणार? जिला एकही मैत्रीण उरली नाही तिचं प्रेमही कोंडवाडा होतं. रविवारी वाचनालयात हेच बोलणार.

९ फेब्रु.
बोलले. हॉल भरलेला, बदनापूरहूनही लोक. टाळ्या. टाळ्यांच्या भरात सांगून टाकलं. ती पाठराखीण मी. चौथ्या दिवशी पहाटे नवरी पिशवी भरून दारात उभी होती, मी हात धरून थांबवलं, म्हणून संसार झाला, म्हणून ही कादंबरी.
नवरीचं नाव घेतलं नाही. कशाला लागतंय? तिसऱ्या रांगेत सु. आणि तिचे मिस्टर. त्यांना हे आजवर माहीतच नव्हतं. उठून गेले. सु. त्यांच्या मागं.

१० फेब्रु.
फोन उचलत नाही.

१३ फेब्रु.
मंठ्याला गेले. तिची शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभी.
"आलीस? भाषण संपलं का बाकी है अजून?"
भाऊजी काय म्हणाले, विचारलं.
"तीन दिवस बोलले न्हाईत. मंग काल म्हणले, 'तवाच जायचं व्हतं ना.'"
माझी मान खाली.
"आन् प्रकाशकाला शिव्या नको देऊ. प्रकरण मीच काढलं. शेवटी नायिकेनं मैत्रिणीचे उपकार मानायचे व्हते. तीनदा लिहिलं. खोटं वाटून राह्यलं."
"सुनंदा, तुझ्या भल्यासाठीच..."
"माझ्यासंग आल्ती का माझ्यावर पहारा द्यायला आल्ती?"

१४ फेब्रु.
लग्नानंतर तिच्यासोबत सासरी निघताना तिच्या आईनं मला बजावलेलं, "पोरीला रुजवून ये." नवरी माघारी आली असती तर बोल पाठराखिणीला. बावीस वर्षांची होते. त्या पहाटे तिचं तोंड बघितलं का मी? आठवत नाही. आपण दारात कशा दिसू, गावात काय म्हणतील, हे मात्र लख्ख आठवतं.
आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं मैत्री म्हणून मिरवली.

१६ फेब्रु.
अंबडचं व्याख्यान रद्द केलं. संयोजक म्हणाले, "ताई, विषय कोणताही चालेल." एकही सुचला नाही.

१९ फेब्रु.
सकाळी सु.चा फोन. आवाज शांत, त्याचीच भीती वाटली.
"एकच विचारते. त्या पहाटे मी ऐकलंच नसतं, निघालेच असते, तर तू माझ्यासंग आली असतीस का?"
मी तोंड उघडलं.
"बोलू नको. बोलायला तुला काही लागत न्हाई. लिहून दे. खरं असलं तर तेवढं प्रकरण परत घालते, जसं असंल तसं. पुस्तक शनिवारी छापायला जातंय."
चार कागद झाले. "हो" लिहिलं, खोडलं. "नाही" लिहायला हात उचलत नाही. पाचव्या कागदावर नुसतं "प्रिय सुनंदा", आणि दुपार झाली.