अब्बांची सोनोग्राफी

चिंचवड,
१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय सलिमा,

बाळ आता पालथं पडायला लागलं असेल. मिरजेत थंडी सुरू झाली असेल तर त्याचे कान झाकत जा.

मंगळवारी तुझ्या अब्बांना पुण्याला नेलं होतं. आकुर्डीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, यकृत सुजलंय म्हणाले आणि चिठ्ठी दिली. पुण्यात नवीन मशीन आलंय, सोनोग्राफी म्हणतात. सुई टोचत नाहीत, काही नाही, पण डोळे मिटून स्कूटरचं इंजिन खोलणारे तुझे अब्बा त्या मशीनला इतके घाबरले की डॉक्टरीणबाईंनी मलाही आत घेतलं.

गेले सहा महिने त्यांचं जेवण तुटलं होतं. उजव्या कुशीत जड वाटायचं, डोळे पिवळट दिसायचे, दुपारी गॅरेजमध्येच आडवे व्हायचे. शेजारचे दुकानदार म्हणायला लागले, लालमहंमद पुन्हा प्यायला लागला वाटतं. तू लहान असताना ते प्यायचे, ते दिवस तू विसरली नाहीस, मीही नाही. मी त्यांच्या सदऱ्याचा वास घ्यायला लागले. पेट्रोलशिवाय कसलाच वास यायचा नाही, तरी घ्यायचे. एकदा त्यांनी पाहिलं. जवळ आले, वाकले आणि माझ्या तोंडासमोर श्वास सोडला. "बघ, रोशन," एवढंच म्हणाले. तरीही माझ्या मनातलं गेलं नाही.

मग तुझं पत्र आलं, बाळाचं नाव ठेवायला, अकीक्याला, अब्बांना आणू नकोस म्हणून. त्यांनी ते स्वतःच वाचलं. नातवासाठी शिवलेला नवा कुर्ता घडी घालून पेटीत ठेवला आणि मला एकटीला गाडीत बसवून दिलं.

तर, डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार मलम लावलं आणि साबणाच्या वडीएवढं काहीतरी फिरवायला लागल्या. समोर छोट्या टीव्हीवर करडी करडी मुंग्यांसारखी हालचाल. "काका, श्वास धरा," म्हणाल्या. अब्बांनी माझा हात धरला. तेवढ्यात एक मोठा काळा गोल दिसला, त्याच्या आत छोटे छोटे गोल. बाईंनी विचारलं, "दारू पिता?" अब्बा म्हणाले, "प्यायचो. नऊ वर्षं झाली सोडून." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. एवढंच. नऊ वर्षांत त्यांच्यावर पहिल्याच बोलात कुणी विश्वास ठेवला नव्हता, सलिमा, मीसुद्धा.

ती पाण्याची गाठ आहे. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली की होते, वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. गॅरेजसमोरच्या कुत्र्यांना अब्बा हातानं पाव भरवतात, तुला ठाऊकच आहे. बाई म्हणाल्या, बाकीचं यकृत चांगलं दिसतंय, या गाठीचा दारूशी काही संबंध नाही. अब्बा पोट पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसतच होते.

येत्या पंचवीस तारखेला ऑपरेशन आहे. गाठ आत न फुटता काढावी लागते, म्हणून जोखीम आहे. तुला कळवायचं नाही असं अब्बांनी बजावलंय. अंगावरचं पोर घेऊन कुठे धावपळ करेल, बरा झालो की मीच जाईन म्हणतात.

तरी लिहितेय, कारण तू अब्बांना बोलावलं नाहीस ते जुलैतल्या माझ्या पत्रामुळे. अब्बा पुन्हा पितात, हे नुसतं कानावर आलेलं मी खरं म्हणून लिहिलं, आणि त्यांना मात्र सांगत राहिले की बाजारातल्याच कुणीतरी मिरजेला कळवलं असेल. काल रात्री त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. तू घाबरली होतीस." त्यांनी मला माफ केलं, पण त्यांचा नातू त्यांच्यापासून मी तोडला आहे. तू मला हवं ते बोल. फक्त पंचवीस तारखेच्या आधी बाळाला घेऊन ये, आणि ते त्यांच्या मांडीवर दे.

तुझीच,
अम्मी