हाताला बंदी न्हाय

आबा, आई गेली. सगळ्यांना फोन करून झाले, लांबच्या लोकांना निरोप पोचले, सांगायचं राहिलं ते तुम्हालाच. तुमची लेक गेली. कुंभारीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर, उन्हाळा नुकता लागत होता तेव्हा. तुम्ही गेलात त्या वेळी तिचे केस काळे होते, आता डोक्यावर पिंजलेला कापूस ठेवल्यासारखी दिसत होती. मी स्वतः आता सुनेच्या हातचं खाणारी म्हातारी झालेय. सातवीत माझी शाळा सुटली, पुढचं सगळं तुमच्या बायबलवर बोट फिरवत आणि पुड्यांचे कागद वाचत शिकले, त्यामुळं लिहिणं जमेल तसं जमेल. पण हे तोंडी कुणाला सांगण्यासारखं नाही.

आधी तुमचं चांगलं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात धजावेल. बार्शीच्या बाजूला आपलं गाव, गावाच्या कडेला आपली ख्रिस्ती वस्ती, आणि तुम्ही त्या वस्तीचे पाळक. कुणी नवखा विचारायचा, पाळक म्हणजे काय हो, तर तुम्ही म्हणायचात, "मेंढरं राखतो. पर ही मेंढरं ज्वारी खात्यात आन् भांडत्यात बी." आठवडाभर तुम्ही आपल्या तुकड्यात राबायचात, शनिवारी धोतर धुऊन वाळत घालायचात आणि रविवारी तेच नेसून उपदेशाला उभे राहायचात. सायकलवरून आसपासच्या वस्त्यांवर जायचात, येताना हँडलला कुणाची मेथी, कुणाचा भोपळा लोंबत असायचा. पटकीच्या साथीत ज्या मढ्याला सख्खा भाऊ शिवेना, त्याला तुम्ही आंघोळ घातलीत, तो माणूस आपल्या मंडळीतला नव्हता तरी. गाय अडली की लोक तुम्हाला हाक मारायचे. मला उसाचं कांडं सोलून देताना पेर तेवढं काढून टाकायचात, माझे दात दुधाचे म्हणून. तुम्ही खाष्ट म्हातारे असतात तर माझं काम सोपं होतं.

माझे वडील मी रांगत असताना गेले आणि आई मला कडेवर घेऊन परत तुमच्या दारात आली. आजी त्याच्या आधीच गेलेली. त्यामुळं घरातली चूल आणि देवळातली भाकर, दोन्ही आईच्या हाती आली. तुम्हाला काय सांगायचं, पण माझ्या नातवंडांच्या हाती हे कधी पडलं तर कळावं म्हणून लिहिते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असायचं. येशूच्या आठवणीत सगळी मंडळी एका ताटातली भाकर मोडून खाते आणि एका पेल्यातला द्राक्षरस घोटभर घेते. आपल्याकडं रस विकत कुठला मिळायला? आई शुक्रवारी काळे मनुके भिजत घालायची, शनिवारी धुतलेल्या फडक्यातून पिळायची, आणि कोरड्या तव्यावर बिनतेलाची, बिनमिठाची चपाती भाजायची. तिलाच आपण देवळातली भाकर म्हणायचो. ती भाजताना आई कुणाशी बोलायची नाही, माझ्याशीसुद्धा नाही.

मग माझा तो ताप. मी लहान आहे, अंग भाजतंय, गोळी घातली की उलटून पडतेय. तुम्ही लांबच्या वस्तीवर गेलाय, ओढ्याला पाणी आलंय, एस.टी. बंद आहे. शेजारच्या रानातली मावशी भगताकडनं काळा दोरा घेऊन येते. आई मान हलवते. मावशी ओरडते, "अगं बांध की! नवरा घालवलास, आता पोर बी घालवतीस व्हय? देव काय इचारतोय का, तू कुणाची म्हून?" आणि आई माझ्या मनगटाला दोरा बांधते. पहाटे मला घाम फुटला. दोऱ्यानं फुटला की गोळीनं, ते मला आज या वयातही माहीत नाही.

दुपारी तुम्ही आलात. मला उचललंत, "माझी चिमणी" म्हणत छातीशी धरलंत, आणि मग तुम्हाला माझं मनगट दिसलं. तुम्ही मला खाली ठेवलंत. टाकलं नाही, जपून ठेवलंत.

"कुणी बांधलं?"

"मी," आई म्हणाली.

"सोड." तिनं सोडला. "आता रविवारी मंडळीपुढं हुबी राहा आन् चुकलं म्हण. मिटलं मग."

"ते न्हाय म्हणणार, आबा. लेकरू जगलं की. चुकलं कसं म्हणू? चुकलं म्हणायचं म्हंजी मेली आसती तर बरं, आसंच झालं की."

नियम तुम्हीच घालून दिलेला. जो जुन्या देवाकडं वळला त्यानं सगळ्यांसमोर चुकलं म्हणेपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही. आदल्या वर्षी एका गरीब म्हाताऱ्यानं जत्रेत कोंबडं कापलं, तर तुम्ही त्याचं प्रभुभोजन बंद केलंत. तो रडत उभा राहिला, चुकलं म्हणाला, मगच आत घेतलंत. आता तोच म्हातारा पाणवठ्यावर सगळ्यांच्या देखत म्हणत होता, "बघू की, पाळकाच्या लेकीला कंचा कायदा लागतोय." तुम्हाला ते ऐकू गेलं होतं. मी आता एवढी मोठी झाल्यावर मला कळतं, की त्या बोलण्यानं तुम्ही बांधले गेलात. परक्याच्या पोरीला तुम्ही केव्हाच माफ केलं असतं.

रविवार. सतरंजीवर बायकांची रांग बसलीय आणि तुम्ही ताट घेऊन येताय. एकेकीच्या ओंजळीत तुकडा ठेवताय. आईनं ओंजळ पुढं केली. तुम्ही पुढं गेलात. तिच्या शेजारणीला तुकडा दिलात, तिच्या पुढच्या पोरीला दिलात. आईची ओंजळ काही वेळ तशीच उघडी राहिली, मग तिनं ती पदराखाली घेतली. मागून कुणीतरी समाधानानं घसा खाकरला.

पुढच्या महिन्यात तिला वाटलं, आता भाकर दुसरी कुणी बाई करील. शुक्रवारी तुम्ही मनुक्यांची पुडी तिच्यापुढं ठेवलीत.

"भिजत घाल."

"माझ्या हातचं चालतंय व्हय?"

"हाताला बंदी न्हाय," तुम्ही म्हणालात, आणि बैल सोडायला गेलात. आबा, तुम्ही उभ्या जन्मात एवढे उपदेश केलेत, मला त्यातला एकही धड आठवत नाही. हे एवढं आठवतं.

आणि ती करत राहिली. मला गुडघ्यात धरून माझी वेणी घालायची तेव्हापासून ते माझं लग्न होऊन मी सासरी जाईपर्यंत, आणि त्यानंतरही. शनिवारी भाजायची, रविवारी रांगेत बसायची, ओंजळ धरायची, तुम्ही पुढं जायचात. मागं भिंतीशी का नाही बसत, असं लोक विचारायचे. ती म्हणायची, "बसायला बंदी घातली न्हाय." तुमचीच लेक ती, बोलणं तुमच्यासारखंच. एकदा देवळातून बाहेर पडताना कुणी थट्टा केली, "पाळकबाबा, आज भाकर लई कडक हाय. लेकीनं राग भाजलाय वाटतं." सगळे हसले. तुम्ही हसलात. आईसुद्धा हसली, पदर तोंडाशी धरून.

मला ते बघवेना. एका रविवारी ताटात उरलेला एक तुकडा मी परकराच्या ओच्यात लपवला आणि घरी येऊन तिच्या हातावर ठेवला. "खा, कुणी न्हाय बघत," म्हटलं. तिनं मला अशी चपराक दिली की कानात शिट्टी वाजली. तुकडा उचलून, डोळ्याला लावून, तिनं परत ताटात नेऊन ठेवला. तुम्ही दारात उभे होतात. सगळं बघितलं होतंत. मला वाटलं, आता तरी. तुम्ही तिला म्हणालात, "बरोबर केलंस." त्या सगळ्या वर्षांत तुम्ही तिला दिलेली शाबासकी ती एवढीच, आणि आई ती शाबासकी मरेपर्यंत सांगायची. "आबा मला म्हणालं हुतं, बरोबर केलंस." हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा, आबा. मला तेव्हा तुमचा गळा धरावासा वाटायचा.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तीच तुमचं सगळं करत होती. चमच्यानं पेज, कूस बदलणं, धुणं-पुसणं. सोलापूरहून एक पाळक तुम्हाला शेवटचं प्रभुभोजन द्यायला आले, त्याचीही भाकर तिनंच भाजली आणि दारात उभी राहून तुम्ही खाताना बघितलं. ते गेल्यावर तुम्ही तिला जवळ बोलावलंत. मी पायाशी बसले होते.

"म्हण की गं एकदा. एकच शबुद."

"आबा, ही बघा हितं बसलीय. हिच्या तोंडाकडं बघून कसं म्हणू?"

"मग मी काय करू?" म्हणालात आणि लहान पोरासारखे रडलात. तिनं तुमचे डोळे पुसले. पुसले, पण म्हणाली नाही. आणि तुम्ही लावलेलं दार उघडलं नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरून होतात. मी मध्ये बसले होते, जगलेली.

तुमच्या मागून आलेल्या पाळकांनी पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं, या, जुनं सगळं विसरा. ती म्हणाली, "ज्यानं लावलंय त्यानंच उघडाय पायजे."  पुढं ते सोलापूरहून भाकरीचं तयार पाकीट आणायला लागले आणि मनुके भिजवायचंही राहिलं. तेवढं मात्र तिला लागलं. शुक्रवार आला की डबे उघडून बघत बसायची.

ती थकल्यावर मी तिला इकडं कुंभारीला आणलं, आणि आता या उन्हाळ्यात इथले पाळक मोटारसायकलवरून आले. कोवळं पोर आहे, माझ्या नातवाच्या वयाचं. "आजी, मी देतो, घ्या," म्हणून त्यानं तिच्या ओठाशी तुकडा धरला. तिचे ओठ जरासे उघडले. मी मनात म्हणत होते, घे गं, घे. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पोरगं बिचारं तुकडा रुमालात बांधून घेऊन गेलं. ती उपाशीच गेली, आबा. तुमच्यानंतर एवढी वर्षं जगून, त्या एका घासाला उपाशी.

जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात ओढला. म्हणाली, "मला आबांच्या शेजारी ठिवू नगंस."

"का गं?"

"प्रभू परत येणार त्या दिवशी सगळी मेलेली उठणार. आबा ताट घिऊन येणार. तितं बी मला सोडून पुढं जातील. लांब ठेव कुटंबी. मला दिसाय नगं."

मी म्हटलं, "बरं."

तिला गावी नेलं. आपलं कबरस्तान आता उसानं तिन्ही बाजूंनी दाबलंय, उरलीय ती तुमच्या डाव्या हाताची एक जागा. मी गाडीतून उतरले तेव्हा मंडळीच्या पोरांनी खड्डा खणूनही ठेवला होता, कडा अगदी सरळ, मायेनं खणलेल्या. एक म्हातारबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बापाच्या कुशीत लेक. याहून चांगलं काय पायजे, बाई?" सगळ्या बायका डोळे पुसत हो हो म्हणाल्या. मी काय सांगणार होते? कुणाला, आणि कुठून सुरुवात करून? मूठभर माती टाकली आणि बाजूला झाले.

हे सगळं तुमच्या थडग्यापाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. मुलगा रविवारी गाडीनं नेतोही म्हणाला होता. त्याला आत्ताच नको म्हणून सांगितलं. ती तुमच्या शेजारीच आहे, आबा. मी तिथं वाचलं तर तिला कळेल, आपल्याला कुठं ठेवलंय ते.