माप परत म्हणायचं

आई, उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये आता मापाची टेप धरायला कोणी लागत नाही. सेन्सर म्हणून काडेपेटीएवढी एक वस्तू मिळते, ती टाकीच्या तोंडावर बसवायची. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि तो पाण्यावर आपटून परत आला की अंतर सांगते. आकडे वायरीतून कॉम्प्युटरच्या मागं सिरियल पोर्टात येतात, आणि पायथन नावाच्या भाषेतला माझा प्रोग्राम ते वाचतो. हसू नकोस. दहावीला दोनदा बसलेला माणूस पुस्तक पुढं ठेवून, अडेल तिथं कॉलेजच्या पोरांना चहा पाजून शिकला.

बाबा गेल्यावर टेपचं दुसरं टोक तू धरलंस. पदर खोचून पत्र्यावर उकिडवी बसायचीस आणि माप ओरडायचीस. मी ते परत म्हटल्याशिवाय कटर चालवायचा नाही, हा तुझा नियम. एकदा मी नुसती मान डोलावली, तर तू टेपच सोडून दिलीस, ती सपकन माझ्या बोटांवर आली. शेजारी लेथची घरघर चालू होती, तो लेथवाला हसला. तू मला म्हणालीस, "मुंडी काय हलीवतोस? त्वांडानं बोल की. ह्या कालव्यात मुंडी ऐकू येती व्हय?" मग त्याच्याकडं वळून त्यालाही विचारलंस, दात मोजायचे असतील तर टेप आणू का. त्या दिवसापासून मी प्रत्येक माप परत म्हटलं. तू गेल्यावरही मीच सांगतो, मीच परत म्हणतो. लग्नाचं राहूनच गेलं, त्यामुळं घरीही तसंच चाललंय.

पत्र्याची कामं हळूहळू आटली. अशात एका साखर कारखान्याला टाक्यांची पातळी कॉम्प्युटरवर बघायची होती, त्यांचे साहेब येणार होते. ते काम हुकलं तर शेड भाड्यानं द्यावी लागणार, हे मी शेडमधल्या एकुलत्या वेल्डरलाही सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी मी पिंपावर सेन्सर बसवून नळ सोडतो. वेल्डर सुट्टीवर. प्रोग्राममध्ये तुझा नियम घातलाय: आकडा आला की कॉम्प्युटरनं मोठ्यानं परत म्हणायचा, तोही माझ्याच आवाजात. "सत्तर," तो म्हणतो, म्हणजे पाणी तोंडापासून सत्तर सेंटिमीटर खाली. "अडुसष्ट." बरं वाटतं. पण कान वेगळंच सांगतोय. पिंप भरत आलं की पाण्याचा आवाज बारीक होत जातो; तो झालाय, आणि हा अजून "चाळीस" म्हणतोय. मी स्क्रीनवर विश्वास ठेवून बसतो. पाणी माझ्या पायाखाली आलं तेव्हा तो निवांत "छत्तीस" म्हणाला.

फरशी पुसताना कळलं. सेन्सर भराभरा आकडे पाठवतो. कॉम्प्युटर एक वाचून म्हणेपर्यंत बाकीचे पोर्टाच्या दारात रांग लावतात, आणि नंतर तो त्या रांगेतला जुनाच उचलतो. खोटं बोलत नव्हता बिचारा, मघाचं बोलत होता. तू माझं ऐकेपर्यंत थांबायचीस. सेन्सर कुणासाठी थांबत नाही.

परत म्हणायचा भाग काढून टाकला. वाचण्याआधी रांग रिकामी करायला लावली. आकडा पाण्याबरोबर चालू लागला आणि शेड एकदम गप्प झाली.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः बादली ओतून बघितली. "चालतंय की, पावणं," एवढंच म्हणाले. काम मिळालं. कागदपत्रं करायला कारखान्यावर बोलावलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. तिथं साहेबांनी टेबलावरचा फोन पुढं केला, घरी कळवायचं असेल तर कळवा म्हणाले. मी आपल्या घरचा नंबर फिरवला. उचलायला कोणी नाही, हे फिरवायच्या आधीच माहीत होतं. तरी रिंग आपोआप बंद होईपर्यंत ऐकली, रिसीव्हर ठेवला आणि साहेबांना सांगितलं, आई शेजारी गेली असेल.