आवाज देऊन यायचं

२ ऑक्टोबर, दसरा
आमच्या मंडळीनं, द्वारकाबाईनं, विळा-खुरपं पुजलं, मग नव्या बंदुकीलाही हळदकुंकू लावलं. वर आपट्याचं पान. शेजारच्या मळ्यावर चोरी झाली तेव्हापासून कल्याण लायसनसाठी पळत होता. "अण्णा, आता बिनघोर झोपा." पोरगं मायेनंच बोललं.

५ ऑक्टोबर
झोप लागत नाही.

१९ ऑक्टोबर
भुजंग — तिसरीपासूनचा सोबती. मी गुरुजींपुढं कविता म्हणायचो, हा मागं पोत्यावर बसून चिंचा खायचा. एक कडवं कधी पाठ झालं नाही! आता म्हातारपणी रोज फटफटताना त्याच्या वस्तीवरून आमच्या तुरीतून चहाला येतो. आजही आला. तूर हलली, कल्याणला वाटलं चोर. बार हवेत काढला म्हणून बरं. भुजंग तिथंच मटकन बसला. "मी हाय रे, मी," एवढंच म्हणून राह्यला. वर कल्याणचाच आवाज चढलेला — "काका, आवाज देऊन यायचं न्हाई का?"
चहा तसाच निवला.

२ नोव्हेंबर
भुजंग येत नाही. त्याचा मुलगा बिभीषण बाजारात कल्याणला म्हणाला म्हणे, "म्हाताऱ्यावर नेम धरता, शाब्बास."
मलाही ताकीद मिळाली आहे: अंधारात गोठ्याकडं निघालो तर बोलत निघायचं. एकट्यानं काय बोलणार? मंग कविता म्हणतो. ज्यांच्यासाठी गुरुजींनी पाठ थोपटली त्या कविता, आता गोळी लागू नये म्हणून. भीतीनं चाल विसरते. द्वारकाबाई नुसती खोकत जाते.

१६ जानेवारी
निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा! भुजंगला निरोप धाडला. आला. दोन बशा चहा प्याला, चिंचांची आठवण काढून हसला. कल्याणला म्हटलं, राहू दे की तिथंच. "आन् चोर आले तर, अण्णा? कविता म्हणून दाखवणार का त्यांना?" सून मीना तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो.
खरंच, आले तर? 

१२ फेब्रुवारी
बंदूक परत आली. तूर निघाली, रान उघडं आहे, माणूस लांबून ओळखू येतो. तरी भुजंग येत नाही.

१४ एप्रिल
फटफटताना कविता म्हणत निघालो आणि थांबलो. पलीकडं भुजंगच्या अंगणातून तीच कविता येत होती. मोठ्यानं, कडवी मागंपुढं, निम्मी चुकलेली.
बिभीषणनंही बंदूक आणली.