रिकामी यादी

१२ नोव्हेंबर, बुधवार

आईचं खुब्याचं ऑपरेशन काल नीट पार पडलं. मुरार भागातला हा दवाखाना बरा आहे. रक्त बरंच गेलं म्हणे, एक पिशवी ताबडतोब हवी होती. हेमेंद्र धावला आणि तासाभरात घेऊन आला. "कुठून मिळालं रे?" "मिळालं ना ताई! अब बैठ शांति से." भाऊ असावा तर असा. मी नुसती बसून होते — हातात मोबाईल, डोक्यात ऑफिस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रक्तपेढीतून फोन. तिथे आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे आधी वाटलं, सिस्टीमच बंद पडली. पण पेढी चालवणाऱ्या ट्रस्टचे सचिव दिग्विजयसिंह माणसाबद्दल बोलत होते. गरिमा नावाची नऊ वर्षांची मुलगी, तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. बी निगेटिव्ह, सहज मिळत नाही. तिच्या नावाने राखून ठेवलेली पिशवी मंगळवारी काउंटरवरून दुसऱ्याच पेशंटला गेली. पोरीला दोन दिवस उठून बसवेना. शेवटी झाशीहून पिशवी आली.

काउंटरवर अनसूया होती. "बेच दी होगी, और क्या!" — सचिव.

अनसूया! आमच्या छावणी भागातली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहते. रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा मीच तिला शिकवलं. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिच्याकडे जाऊन आले. चहा केला, पण समोर बसेना.

"स्क्रीनवर मोकळी दिसत होती ताई. मोकळी होती म्हणून दिली."

"मग तसं सांग ना त्यांना!"

"सांगितलं."

"पण राखलेली पिशवी मोकळी झाली कशी?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "आई कशा आहेत?" स्वतःची नोकरी जायची वेळ आणि हिला माझ्या आईची काळजी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

राखलेली पिशवी दोनच प्रकारे मोकळी होते. काउंटरवरचं माणूस करतं, नाहीतर आमचा प्रोग्राम — रोज सकाळी सहाला, ज्यांच्या आरक्षणाची मुदत संपली तेवढ्याच. तो सप्टेंबरमध्ये मी लिहिला. अनसूयाच्या लॉगिनवरून आरक्षण काढल्याची नोंद नाही. कुणाच्याच नाही.

पेशंटची नावं मला दिसत नाहीत, फक्त क्रमांक. तो नियमही मीच घातलेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

आमची पर्ल भाषेतली लायब्ररी डेटाबेसला द्यायचा हुकूम, म्हणजे एसक्यूएल क्वेरी, स्वतः तयार करते. आपण फक्त सांगायचं — अमुक टेबल, अमुक अट — की ती क्वेरी जुळवून डेटाबेसला देते. इतक्या वर्षांत मी हाताने क्वेरी क्वचितच लिहिली असेल. ती काय जुळवते ते बघणंही सोडलं होतं. अकरा तारखेला सकाळी सहाला तिने जुळवलेली क्वेरी लॉगमध्ये नोंदलेली आहे: पिशव्यांचं आरक्षण काढ. संपलं! पुढे 'व्हेअर'ची अट नाहीच. कुठल्या पिशव्यांचं, ते नाहीच!

सप्टेंबरपासून पहिल्यांदाच त्या दिवशी आरक्षणाची मुदत संपलेली एकही पिशवी नव्हती. प्रोग्रामने लायब्ररीला रिकामी यादी दिली. आणि यादी रिकामी असली की लायब्ररी ती अटच गाळते. एकही नाही म्हटलं की ती सगळ्या धरते.

तेवीस पिशव्या मोकळ्या झाल्या. बावीस दुपारपर्यंत काउंटरवरच्यांनी परत राखून टाकल्या, 'सिस्टीम अटकली होती' असं समजून. एक तेवढ्यात गेली होती.

अट गाळायचं लायब्ररीत कुणी घातलं, ते उद्या बघते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी.

लायब्ररीतल्या बदलांच्या यादीत माझं नाव, मार्च २०१४. तेव्हा अहवालाच्या पानावर डॉक्टर रक्तगट निवडायला विसरत आणि कोरं पान आलं की आरडाओरडा करत. म्हणून मी घातलं — काही निवडलं नाही, तर सगळं दाखव. शेजारी टीप: 'सोयीसाठी'. दाखवताना सोय, ठीक. पुसताना काय होईल, हा विचार आलाच नव्हता? की आला होता आणि मी कंटाळा केला? खरंच आठवत नाही. आठवत नाही, हेही सोयीचंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्ती केली. रिकामी यादी म्हणजे एकही नाही. आणि अट नसलेली बदलाची क्वेरी यापुढे चालणारच नाही, तिथेच थांबेल. काम वीस मिनिटांचं! अकरा वर्षं पडून होतं.

राजवर्धनला सांगितलं. कंपनी त्याची, वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान.

"ठीक झालं ना शरयूताई? मग झालं तर."

"आणि अनसूया?"

"आपण थोडीच काढलं तिला?" मग घाबरला आणि हिंदीत शिरला. "देखिए, एक को बचाने में हम सब बैठ जाएँगे. ट्रस्ट ने पूछा क्या? नहीं पूछा."

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनसूया भाजीच्या गाडीपाशी दिसली. मी रस्ता बदलला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

राजवर्धनला न विचारता ट्रस्टच्या चौकशी समितीसमोर गेले. लॉगचं पान छापून नेलं होतं. अनसूया कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पदर घट्ट धरून. गरिमाचे वडील दौलतसिंहही आले होते.

सचिव म्हणाले, "मतलब मशीन ने कर दिया."

दौलतसिंह माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "और मशीन को किसने बोला था?"

"मैंने," मी म्हणाले. सगळं सांगितलं — रिकामी यादी, गाळलेली अट, २०१४. बोलता बोलता ठसका लागला. दुसऱ्या कुणी पाणी दिलं नाही, अनसूया उठली आणि तिने दिलं.

दौलतसिंहांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "कम से कम किसी ने माना तो," म्हणाले.

राजवर्धनचे सात मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अनसूयाला परत बोलावलं! सचिवांनी चार लोकांसमोर माफी मागितली म्हणे. राजवर्धन माझ्याशी बोलत नाही. माझं पुढे काय ते माहीत नाही. तरी आज जेवण गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कामावर जायच्या आधी अनसूया घरी आली. दारातच हळू आवाजात म्हणाली, "ताई, ती पिशवी आईंनाच गेली. हेमेंद्रदादा आले होते चिठ्ठी घेऊन. आदल्या दिवशी तिच्यावर गरिमाचं नाव मी स्वतः पाहिलं होतं, आणि त्या दिवशी मोकळी! सिस्टीम तुमच्या हातात. मला वाटलं, आईंसाठी तुम्हीच सोडवली. म्हणून शेवटपर्यंत तुमचं नाव घेतलं नाही."

आईचा रक्तगट मी कधी विचारलाच नव्हता.

मी तिला परत सगळं समजावलं. रिकामी यादी, अट, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं, माझा हात दाबला आणि म्हणाली, "हो ताई. असंच सांगत राहा. सगळ्यांना पटलंय."