यादीत एकही ‘नाही’ नाही

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवं गाव आणि जिन्याच्या टोकाला एक खोली. तिची खिडकी उघडते, पण बंद होत नाही. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, कान झाकून झोप. मग तिचा रोजचा प्रश्न, “जेवलीस का?” तीस वर्षांची घोडी झाले मी, पण जगबुडी आली तरी ही आधी तेच विचारणार. आईचं माहेर हेच गाव, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय.

कचेरी नोंदींची. इथे जन्मलेल्या आणि राहायला आलेल्या प्रत्येक माणसाची संगणकात एक फाइल आहे: जन्म, शाळा, लग्न, आजार, सगळं. आज माझीही उघडली. एका चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून दिलं आणि झालं. काम सोपं आहे. सकाळी मोठ्या बाई नावांची यादी देतात. मी ती प्रोग्रामात घालायची. प्रत्येकाची फाइल आहे का ते तो बघतो आणि नावापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहितो. प्रोग्राम माझ्याआधीच्या माणसाने लिहिलेला आहे.

व्हरांड्यातल्या बाकावर एक गृहस्थ बसलेले असतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी नमस्कार केला, तर छान हसले. अख्ख्या कचेरीत हसणारा तेवढा एकच माणूस.

बुधवार, ५ तारीख

इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. साहेबीण ती ‘मोठ्या बाई’, खिडकीवर बसतात ते ‘खिडकीवाले’, आणि मी ‘नवी’. चहाच्या वेळी मी आपली गप्पांना सुरुवात करावी म्हणून माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, तर सगळ्यांनी माना कपात घातल्या. मोठ्या बाई म्हणाल्या की नावं यादीत शोभतात, तोंडात नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला त्यातला अर्धा दिवसही आला नाही.

तीन दिवसांत दोनशे चौदा नावं झाली. सगळ्यांपुढे ‘आहे’. एकही ‘नाही’ नाही! माणसं खडूस असली तरी कचेरी टापटिपीची आहे, हे मानायला हवं.

शुक्रवार, ७ तारीख

सकाळी एक सुतार येऊन खिडकीवर भांडला. त्याची बायको वारली आणि कागदोपत्री तिचं लग्नच झालेलं नाही म्हणे. महिनाभर खेटे घालतोय. शेवटी त्याने फळीवर मूठ आपटली. खिडकीवाले एकदम गोड झाले, तुमचं पूर्ण नाव लिहून द्या म्हणाले. चिठ्ठी माझ्या यादीत आली. ‘आहे’. मला बरं वाटलं, म्हटलं चला, याचं काम होणार.

मग जरा आगाऊपणा केला. यादीच्या तळाशी आईचं माहेरचं नाव घातलं. ‘आहे’! तिला सांगायला संध्याकाळी मुद्दाम फोन केला. ती नुसती हो, हो करत राहिली. जेवलीस का विचारलं नाही. काल फोन केला नाही म्हणून रुसली असेल.

सोमवार, १० तारीख

सुतार आला होता. खिडकीपाशी शांत उभा राहिला. काय काम म्हणून विचारलं, तर स्वतःच्या हातांकडे बघत बसला. बायकोचं विचारलं, तर म्हणाला, कोण बायको. खिडकीवाले आणि मोठ्या बाई एकमेकांकडे बघून हसले. मला किळस आली.

दुपारी मावशीचा फोन आला. ती आईबरोबर राहते. शुक्रवारपासून आई खुर्चीत बसून आहे. दिलं तर खाते. डॉक्टरांना काही सापडत नाही. भिंतीवरचा माझा फोटो दाखवला, तर तिने विचारलं की ही मुलगी कोणाची. सुतारानेही असंच —

मंगळवार, ११ तारीख

आईची फाइल उघडली. कोरी. सुताराची कोरी. सगळ्याच.

मग प्रोग्राम वाचला. फाइल आहे का हे बघायला तो ती लिहिण्यासाठी उघडतो. तशी उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं. फाइल नसली, तर नवी कोरी तयार होते. दोन्हीकडे शेवटी फाइल सापडतेच, आणि तो म्हणतो, ‘आहे’. खात्री करायला मनातलं एक खोटं नाव घातलं. ‘आहे’.

फाइल कोरी झाली की माणूस कोरा होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी सांगितलं नव्हतं. आईला मी पुसलं. मी.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी आधी चहा संपवला. म्हणाल्या, ज्याने लिहिला तोही असाच रडत आला होता. चूक त्याची, पण तक्रारी निम्म्या झाल्या, मग ठेवला तसाच. त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं.

“बाकावर अजून एकाची जागा आहे,” त्या म्हणाल्या.

बुधवार, १२ तारीख

प्रोग्राम दुरुस्त केला. आता फक्त बघतो, उघडत नाही. एक ओळ होती. एका ओळीसाठी —

सगळ्या फाइलींच्या दर महिन्याच्या जुन्या प्रती मागच्या खोलीतल्या कपाटात असतात. किल्ली बाईंच्या ड्रॉवरमध्ये. कोणती प्रत, ते बाकावरच्या गृहस्थांना विचारलं. हसले. रडू आलं मला.

दुपारी बाई जेवायला गेल्या तेव्हा प्रत काढली. पिशवीत आहे.

गुरुवार, १३ तारीख

लवकर आले. सापडली! आईचा जन्म, गोवर, शाळा, लग्न. मग एक ओळ, मुलगी झाली. ती मी. फाइल जागेवर घातली. आता सुतार, बाकावरचे, सगळे — हळूहळू जातायत —

पावणेअकरा. दुरुस्त केला तो माझ्या टेबलावरचा. बाईंच्या टेबलावर जुनाच आहे. कसं सुचलं नाही मला.

काचेपलीकडे बसल्यात. हातात चिठ्ठी. माझं अक्षर. पहिल्या दिवशीची. एका बोटाने टाइप करतायत. दार आतून लावलंय.

लिहून ठेवते. मी आईची मुलगी. तीस वर्षांची. खोलीची खिडकी बंद होत नाही. मावशी — शाळेच्या वाटेवर एक — कोणती शाळा —

त्या बाई इकडे बघून हसल्या. छान हसल्या.

फोन वाजतोय. वर ‘आई’ लिहिलंय.

उचलला. कोणी बाई रडतेय. विचारते, जेवलीस का. आवाज मायेचा आहे. मी म्हटलं, आपण को