क दाबला की कॅल्क्युलेटर

प्रिय खारू,

माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमधलं विंडोज काढून त्यात लिनक्स घालून तू गेलास आणि जाता जाता दारातून म्हणालास, “ताई, बटणं दाबून बघत जा, काही मोडत नाही.” हे तू कोणाला सांगत होतास? लहानपणी गजराचं घड्याळ उघडून बसायचे ती मी, आणि आई येतेय का ते बघायला दारात उभा राहायचास तो तू. त्या घड्याळाचा एक स्क्रू तू गिळलास, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.

तर बटणांचं. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर आपापले शॉर्टकट करायची सोय आहे, हे सापडलं आणि मी हरखूनच गेले. नाव द्यायचं, काय उघडायचं ते लिहायचं, बटण दाबायचं, झालं! मी कॅल्क्युलेटरला ‘क’ देऊन टाकला. सोबत आणखी एक बटण धरायचं असतं, हे मला कोण सांगणार? मग नेहमीसारखी भूमितीच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला बसले. ‘एका काटकोन त्रिकोणात’ एवढं टाइप करायला गेले, तर प्रत्येक ‘क’ला एक कॅल्क्युलेटर हजर, आणि अक्षर काही उमटेना. आई डोकावून म्हणाली, “एवढा कसला हिशेब चाललाय गं?” मला हसू आवरेना.

आता शहाणी झालेय. विंडोजची खूण असलेल्या बटणाला इथे सुपर म्हणतात, मला ते नाव भलतंच आवडलंय. ते धरून क दाबला की कॅल्क्युलेटर, म दाबला की मुद्रितं, श दाबला की शब्दकोश. माउस ड्रॉवरमध्ये टाकून दिला. तसाही त्याचा बाण हल्ली मला सापडायचा नाही. कुठे दडी मारून बसायचा कोण जाणे, मी आपली माउस गरगर फिरवत राहायचे.

खरी गंमत पुढेच. फाइल सेव्ह करायला काहीतरी सोपं शोधत होते, तेव्हा सुपर, ऑल्ट आणि एस एकदम दाबले गेले आणि कॉम्प्युटर चक्क बोलायला लागला, स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लागला! आईला वाटलं पाहुणे आले, तिने चहा टाकला. मग मी खटपट करून त्याला मराठी आवाज बसवला. सर्दी झालेल्या मास्तरांसारखा बोलतो, पण प्रामाणिक आहे रे! आपला डोळा चुकीचा शब्द मनातल्या मनात नीट करून पुढे जातो. हा जसं छापलंय तसंच वाचतो. ‘त्रिकण’ असं पडलेलं मी वाचूनही सोडलं होतं, ते त्याने पकडून दिलं. संपादकबाई म्हणाल्या, “तुमचं काम पुन्हा पूर्वीसारखं चोख येतंय.” मध्यंतरी काय झालं होतं, हे त्यांनी विचारलं नाही म्हणून वाचले.

तुला मात्र सांगते, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, माझ्या नजरेचा मधला भाग विरत चाललाय. इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी वेग कमी होईल, पण ते थांबणार नाही. कडेचं दिसत राहील. आईला अजून बोलले नाही. मला भीती वाटते, खारू. रोज वाटते. पण काम सुटणार नाही, एवढं या बटणांनी मला पटवलंय. हे पत्रसुद्धा मी स्क्रीन काळी करून लिहिलं आणि मास्तरांकडून वाचून घेतलं. फक्त एका गोष्टीला काही उपाय सापडेना. ज्याच्याकडे थेट बघावं तेच आधी पुसट होतं, म्हणजे समोरच्याचा चेहरा. तेव्हा सुट्टी काढ आणि लवकर ये. खिडकीपाशी, उजेडात, माझ्यासमोर बस, आणि मला तुला डोळे भरून बघून घेऊ दे.

तुझीच,
बटणदाबी ताई